एकट्याचा प्रवास, जोडीची बुडी

घरातील आई किंवा वडील एक दिवस जेवताना सांगतात, ‘या हिवाळ्यात मी अंदमानला जाणार आहे. एकटाच जाणार, आणि समुद्राखाली उतरून प्रवाळ पाहणार.’ वय सहासष्ट-सदुसष्ट, प्रकृती वरवर ठणठणीत. यावर बहुतेक घरांत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक सरळ नकाराची : ‘या वयात हे काय नवे?’ दुसरी कौतुकाची : ‘अवश्य जा, तिकडे सगळे सांभाळून नेतात.’ दोन्ही प्रतिक्रिया प्रेमापोटीच येतात; पण दोहोंतही जाणाऱ्याच्या शरीराची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक हा बेत पार पडणार की नाही, हे हृदय, फुप्फुसे, कान आणि रोज सकाळी घ्यायच्या गोळ्या यांवर ठरते. केवळ वयाचा आकडा पाहून त्याचा निकाल लावता येत नाही.

ही इच्छा पुष्कळदा अचानक आलेलीही नसते. जोडीदाराची आठ-दहा वर्षे शुश्रूषा केलेल्या माणसाला ते पर्व संपल्यावर, कोणाच्याही औषधाची वेळ न पाळता चार दिवस घालवावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. या पाक्षिकाच्या वाचकांत असे अनेक जण असतील. मात्र शुश्रूषा करणाऱ्यांची एक गोष्ट डॉक्टरांच्या नेहमी पाहण्यात येते. रुग्णाचा रक्तदाब दिवसातून दोनदा मोजणाऱ्याने स्वतःच्या दंडाला तो पट्टा वर्षानुवर्षे बांधलेला नसतो. स्कूबा डायव्हिंगच्या निमित्ताने ती राहून गेलेली तपासणी झाली, तर प्रवास घडो वा न घडो, तेवढा लाभ पदरात पडतोच.

वयाचा विषय निघाला की रे वूली या ब्रिटिश गृहस्थांचे नाव हमखास घेतले जाते. २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, ते सायप्रसजवळ बुडालेल्या ‘झेनोबिया’ या जहाजावर ४२.४ मीटर खोल उतरले आणि सर्वांत वयोवृद्ध पाणबुडे म्हणून त्यांची विक्रमात नोंद झाली. हे सांगताना दोन गोष्टी मात्र गाळल्या जातात. वूली १९६० पासून बुड्या घेत होते, आणि त्या दिवशी त्यांच्यासोबत इतर पाणबुडे होते. हौशी पाणबुड्यांसाठी ४० मीटर ही कमाल मर्यादा मानली जाते. तेव्हा त्यांचे कौतुक करावे, अनुकरण करू नये.

‘एकट्याने’ या शब्दाचा अर्थही येथेच स्पष्ट करून घ्यावा. विमानात, बोटीत, खोलीत, जेवणाच्या मेजावर आपण खुशाल एकटे असावे. पाण्याखाली मात्र कोणीही एकटे नसते. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, तो सतत नजरेच्या टप्प्यात राहतो, आणि एकाची हवा संपत आली तर दुसऱ्याच्या टाकीतून श्वास घेता यावा अशीच सर्व सामग्रीची रचना असते. एकट्या प्रवाशाची अडचण ही की, डायव्हिंग केंद्र त्याची जोडी ऐनवेळी एखाद्या अनोळखी पर्यटकाशी लावते. तो पंचवीस वर्षांचा, कॅमेऱ्यात रमणारा असला, तर सदुसष्ट वर्षांच्या माणसाकडे तो किती लक्ष देईल? म्हणून नोंदणी करतानाच स्वतःसाठी स्वतंत्र मार्गदर्शक मागून घ्यावा. त्यासाठी अधिक पैसे मोजावे लागतात. या सहलीतील ती सर्वांत योग्य उधळपट्टी होय. खोलीच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. प्रशिक्षण न घेतलेल्या नवख्या माणसाला प्रशिक्षक सोबत घेऊन जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतो. प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येते. प्रवाळाचे बहुतेक वैभव या दोन आकड्यांच्या आतच आहे, त्यामुळे अधिक खोलीचा मोह धरण्याचे कारण नाही.

पाणी शरीराशी काय करते

जमिनीवर उभे असताना बरेचसे रक्त पायांकडे असते. गळाभर पाण्यात शिरताच पाण्याचा दाब पायांच्या नसांवर पडतो आणि सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते. हृदयावर एकाएकी वाढीव काम येऊन पडते. निरोगी हृदयाला ते जाणवतही नाही. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने ज्यांच्या हृदयाचे स्नायू जाड आणि ताठर झाले आहेत, त्यांच्या बाबतीत मात्र फुप्फुसांत द्रव झिरपू शकतो. फारसे श्रम नसताना दम लागणे, खोकला येणे, थुंकी फेसाळ किंवा गुलाबीसर होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी बुडी तेथेच थांबवून मार्गदर्शकासह पाण्याबाहेर येणे, ताठ बसणे आणि प्राणवायू घेणे हाच उपाय. बाहेर आल्यावर दम ओसरला म्हणून पुन्हा पाण्यात उतरणे धोक्याचे असते. डॉक्टरांनी हृदय तपासून सांगेपर्यंत ती सहल किनाऱ्यावरूनच पूर्ण करावी.

छातीत रक्त वाढले की शरीराला वाटते पाणी जास्त झाले, आणि मूत्रपिंडे कामाला लागतात. म्हणून बुडीनंतर लघवीला फार होते. त्यात ऊन, घाम आणि टाकीतील कोरडी हवा यांची भर पडते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीर आणखी कोरडे पडते. बोटीवर शौचालयाची सोय नसते या धास्तीने कित्येक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. हे अगदी चुकीचे आहे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, पाणी तोडू नये.

दाबाचे गणित सोपे आहे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि शरीरातील पोकळ्यांत कोंडलेली हवा निम्म्या आकाराची होते. एवढा मोठा फरक त्यानंतरच्या कोणत्याही १० मीटरमध्ये पडत नाही. ‘मी फार खोल जाणार नाही’ या समजुतीने कानांना म्हणूनच काही दिलासा मिळत नाही. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच त्यांची परीक्षा होते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच हवा कानांकडे ढकलावी लागते, आणि ती दुखण्यापूर्वी ढकलायची असते. सर्दी असताना बुडी घेऊ नये. नाक मोकळे करणारी गोळी घेऊनही उतरू नये, कारण तिचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना अडकलेली हवा कानाचा पडदा किंवा कपाळातील पोकळी दुखावते. वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा तर पहिला धडा. खालची हवा वर येताना फुगते आणि कोंडली गेली तर फुप्फुस फाटू शकते.

पाण्याखाली दाबाखालच्या हवेतून नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. सावकाश वर आले तर तो उच्छ्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असा संकेत आहे. या विकाराची लक्षणे म्हणजे सांधे दुखणे, मुंग्या येणे, बधिरपणा, चक्कर आणि विलक्षण थकवा. ज्येष्ठांच्या बाबतीत खरी अडचण येथेच होते. गुडघा दुखला की तो नेहमीचा संधिवात वाटतो, पायाला मुंग्या आल्या की मधुमेहाला बोल लावला जातो, आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. बुडीनंतर उद्भवलेले नवे दुखणे हे तपासणीअंती दुसरे काही ठरेपर्यंत बुडीचेच मानावे.

स्नॉर्केलिंगविषयीचा गैरसमज

‘डायव्हिंग नको, तर निदान स्नॉर्केलिंग करा, ते सोपे असते,’ असा मध्यम मार्ग मुले सुचवतात. नळीतून श्वास घेत पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचे मासे पाहायचे, यात धोका तो काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर सत्तरी ओलांडलेल्या दोन फ्रेंच पर्यटकांचा स्नॉर्केलिंग करताना काही मिनिटांच्या अंतराने मृत्यू झाला. त्यानंतर क्वीन्सलँड राज्याने नियम कडक केले. वय अथवा आजार यांमुळे ज्यांना अधिक धोका आहे, अशांना तरंगण्याचे साधन देणे आणि त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवणे हा तेथील व्यवस्थेचा भाग झाला.

कारण असे की, छातीकडे रक्त सरकण्याची क्रिया तरंगतानाही होतेच. त्यातच अरुंद नळीतून ओढून श्वास घ्यावा लागतो, आणि नकळत पाय मारण्याचे श्रम वाढत जातात. शिवाय डायव्हिंगपूर्वी प्रश्नावली असते, शिकवणी असते, हात धरणारा प्रशिक्षक असतो. स्नॉर्केलिंगला बहुधा मास्क हातात देऊन ‘उतरा’ एवढेच सांगितले जाते. ज्यांना डायव्हिंग हृदयाच्या कारणाने नाकारले गेले आहे, त्यांनी स्नॉर्केलिंगला पर्याय समजू नये. त्यांच्यासाठी काचेच्या तळाची नाव आहे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटाजवळ अशा नावेतून प्रवाळ कोरड्या अंगाने, बसल्या जागी पाहता येतात. त्यात कमीपणा मुळीच नाही.

दहा प्रश्नांचा कागद

बुडीपूर्वी डायव्हिंग केंद्र एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेते. जगभर वापरात असलेल्या या प्रश्नावलीचे सध्याचे रूप २०२० मध्ये तयार झाले. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. वय पंचेचाळिसाहून अधिक असेल, तर धूम्रपान, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि घराण्यातील हृदयविकार यांविषयी वेगळे विचारले जाते. त्यांपैकी एकालाही ‘हो’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. साठी ओलांडलेल्या बहुतेकांचे एखादे तरी उत्तर ‘हो’ असणारच.

घोटाळा येथेच होतो. पर्यटक हजारो रुपये खर्चून बेटावर पोहोचलेला असतो, बोट सुटायला वीस मिनिटे असतात, समोर कागद येतो. ‘हो’ लिहिले तर आजची बुडी गेली, हे त्याला कळते किंवा शेजारचा कोणी हसत हसत सांगतो. मग रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणारा माणूस दहाही ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळा होतो. हौशी पाणबुड्यांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे, आणि वयाबरोबर तो धोका वाढतो. ‘नाही’ लिहिण्याने मार्गदर्शकाची फसवणूक होते ती वेगळीच, कारण आपल्यावर किती लक्ष ठेवावे हे तो त्याच कागदावरून ठरवतो. विमा कंपनीला दावा नाकारायलाही तोच कागद पुरतो.

यावर उपाय साधा आहे. प्रश्नावली आणि तिच्यासोबतचे डॉक्टरांसाठीचे मार्गदर्शन दोन्ही उपलब्ध असतात. विमानाचे तिकीट काढण्याआधी, निदान तीन महिने अगोदर, दोन्ही कागद छापून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यावेत. आपल्याकडे पाणबुड्यांच्या वैद्यकाचे तज्ज्ञ थोडे असले, तरी त्या मार्गदर्शनाच्या आधारे हृदयरोगतज्ज्ञ किंवा जाणते फॅमिली डॉक्टर निर्णय देऊ शकतात. डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले, तर तो नकार घरी, आपल्या माणसांत मिळालेला बरा.

प्रश्नावलीतील एक कसोटी तर कोणालाही आपल्या गल्लीत करून पाहता येईल : १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालता येते का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येते का? हे सकाळच्या रमतगमत फिरण्याहून बरेच वेगवान चालणे आहे. त्यात दम लागत असेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. साठीनंतर, आणि विशेषतः रक्तदाब किंवा मधुमेह असताना, डॉक्टर बहुधा ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट सुचवतात. वाहत्या प्रवाहाविरुद्ध अचानक पाय मारावे लागले तर हृदय ते पेलेल का, याचा अंदाज त्यातून येतो.

आजार आणि औषधे

उच्च रक्तदाब नियंत्रणात असेल आणि हृदयावर परिणाम झालेला नसेल, तर तो आड येतोच असे नाही. पण गोळी कोणती आहे हे महत्त्वाचे असते. बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे ऐनवेळी जोर लावण्याची क्षमता घटते. काही औषधांनी कोरडा खोकला येतो, आणि तो तोंडात रेग्युलेटर असताना त्रासदायक ठरतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे कान किंवा नाकातील लहानशी इजाही अधिक रक्तस्राव करू शकते. अँजिओप्लास्टी वा बायपास झाली असल्यास डॉक्टर बहुधा निदान सहा महिने ते वर्षभर थांबायला लावतात आणि मगच ट्रेडमिल चाचणी पाहून ठरवतात. पेसमेकर असल्यास तो किती दाबापर्यंत चालतो, ही माहिती उत्पादकाकडून घ्यावी लागते.

मधुमेहात मुख्य भीती साखर उतरण्याची. जमिनीवर घाम सुटतो, हात थरथरतात, आपण खडीसाखर तोंडात टाकतो. पाण्याखाली घाम कळत नाही आणि गोंधळलेली नजर मास्कमागे दिसत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांसाठी तज्ज्ञांनी घालून दिलेला संकेत असा : बुडीच्या एक तास आधी, अर्धा तास आधी आणि उतरण्याच्या अगदी अगोदर साखर मोजावी, ती १५० मिलिग्रॅमच्या वर असावी आणि घसरणीला लागलेली नसावी. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी उतरू नये. गेल्या वर्षभरात साखर उतरून दुसऱ्याची मदत घ्यावी लागली असेल, तर हा बेतच पुढे ढकलावा.

डोळ्यांचे विसरले जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर किती दिवसांनी पाण्यात उतरावे, हे नेत्रतज्ज्ञांनाच विचारावे. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय मास्क लावू नये. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत बुडी आणि विमान दोन्ही वर्ज्य आहेत. सैल कवळी घालून रेग्युलेटर दातांत पकडता येत नाही, तेव्हा ती घट्ट करून घ्यावी अथवा काढून सराव करावा. श्रवणयंत्र अर्थातच किनाऱ्यावर राहील. ऐकू कमी येते हे मार्गदर्शकाला आधी सांगून, बोटीवरच्या सूचना समोरासमोर पुन्हा समजावून घ्याव्यात.

गुडघे किंवा खुबे बदललेले असणे ही मोठी अडचण नाही. पाण्याखाली शरीराचे वजन उरत नाही, आणि वर्षानुवर्षे जिन्याला भिणाऱ्या माणसाला तो हलकेपणा प्रवाळाइतकाच सुखावतो. कष्ट आहेत ते बोटीवर. भरलेली टाकी १५ किलोहून जड असते. वजनाचा पट्टा, जाकीट धरले तर २० किलोंच्या वर भार पाठीवर येतो, आणि तो घेऊन हलत्या बोटीच्या शिडीवरून चढायचे असते. बुडीतील सर्वांत मोठा ताण कित्येकदा या शिडीवरच पडतो. ‘टाकी मला पाण्यातच चढवा आणि पाण्यातच काढून घ्या’ असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. चांगली केंद्रे हे आनंदाने करतात. जे केंद्र नाक मुरडेल, तेथे जाऊ नये.

तयारीसाठी तीन महिने हाताशी असावेत. भरभर चालणे, जिना आणि तरणतलाव एवढे पुरे. महाराष्ट्रातल्या वाचकांना आणखी एक सोय आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पहिला श्वास पाण्याखाली घेतल्यावर घाबरायला होते की मजा वाटते, हे हजारो रुपयांचे विमान पकडण्यापूर्वी तेथे कळते. पाण्याखाली घुसमटल्यासारखे वाटणारे पुष्कळ असतात, आणि ती भीती इच्छाशक्तीने दडपू नये.

अंदमानातील दिवस

परदेशातील बेटांपेक्षा पहिल्या एकट्या बुडीसाठी अंदमान सोयीचे, असे माझे मत आहे. हिंदी चालते, पारपत्र लागत नाही, आणि श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे जी. बी. पंत रुग्णालय आहे. बुडबुड्यांच्या विकारावर उपचार करणारा दाबकक्षही त्याच शहरात नौदलाच्या रुग्णालयात आहे. बहुतेक पाणबुडे जातात ते स्वराज द्वीपला. २०१८ पर्यंत त्याचे नाव हॅवलॉक होते आणि अजून तेच लोकांच्या तोंडी आहे. बोटीने तेथे पोहोचायला दीड ते अडीच तास लागतात. बेटावर लहान सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर रुग्णाला पुन्हा समुद्र ओलांडून शहरातच आणावे लागते. हे अंतर मनात ठेवूनच बेत आखावा.

नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. नाताळच्या गर्दीत बोटी भरलेल्या आणि मार्गदर्शक घाईत असतात. फेब्रुवारी-मार्च ज्येष्ठांना अधिक मानवतात. पाणी २७ ते ३० अंश उबदार असते. बंगालच्या उपसागरात वादळे हिवाळ्यातही येतात. डिसेंबर २०१६ मध्ये हजाराहून अधिक पर्यटक स्वराज द्वीप आणि शेजारच्या बेटावर काही दिवस अडकून पडले होते. म्हणून परतीच्या तारखेआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि औषधे आठवडाभर पुरतील इतकी जास्त न्यावीत, तीही निम्मी हातातल्या पिशवीत आणि निम्मी सामानात.

अंदमान घड्याळाने आपल्याबरोबर, पण सूर्याने पुढे आहे. हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. आठ वाजता जेवून अकराला झोपणाऱ्याचे वेळापत्रक तेथे जमत नाही, कारण बुडीची बोट भल्या सकाळी सुटते. पहिला दिवस शहरात विश्रांतीचा, दुसरा बोटीच्या प्रवासाचा. पोटात ढवळू नये म्हणून घ्यायच्या गोळीने सुस्ती येते, तेव्हा त्याच दिवशी बुडी घेऊ नये. तिसऱ्या दिवशी बीच क्रमांक २ जवळच्या ‘नेमो रीफ’वर उतरावे. तेथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येते, शिडीचा प्रश्न येत नाही, खोली बेताची असते. समुद्रफुलांच्या मऊ बोटांत लपणारे विदूषक मासे, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे आणि लाटेबरोबर झुलणारे मऊ प्रवाळ एवढ्याशा खोलीवरही भेटतात. पाणी शांत असले तर पोपटमाशाच्या दातांची करकर चक्क ऐकू येते. हे मानवले, तरच चौथ्या-पाचव्या दिवशी बोटीने ‘लाइटहाउस’सारख्या १८ मीटरच्या आतल्या जागी जावे. दिवसाला एक बुडी पुरे. ‘जॉनीज गॉर्ज’, ‘डिक्सन्स पिनॅकल’ या नावाजलेल्या जागा अधिक खोल आहेत आणि प्रवाहाच्याही आहेत. त्या अनुभवी पाणबुड्यांकडे राहू द्याव्यात.

काही प्रवाळ पांढरे फटक दिसतील. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातील रंगीत शैवाल बाहेर टाकतात. २०१० मध्ये अंदमानात ते फार मोठ्या प्रमाणावर घडले. उरलेले जपायचे तर हात लावू नये. इजा दोघांनाही होते, आणि पाण्यात चिरलेले बोट मधुमेह्याला महाग पडते.

केंद्र निवडताना फोनवरच विचारावे : बोटीवर प्राणवायूचे सिलिंडर असते का, ते वापरता येणारा माणूस असतो का, एका मार्गदर्शकाबरोबर किती जण असतील, आणि कोणी आजारी पडल्यास शहरात कसे नेता? उत्तर देताना समोरचा माणूस अडखळला, तर दुसरा क्रमांक लावावा. आपल्या आरोग्यविम्यात डायव्हिंग वगळलेले नाही ना, हेही लेखी विचारून घ्यावे. ‘साहसी खेळ’ या शब्दांखाली ते बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असते.

किनाऱ्यावरचा जोडीदार

घरच्यांचे काम परवानगी देणे वा नाकारणे एवढ्यावर संपत नाही. पाण्याखाली जसा जोडीदार लागतो, तसा एक घरीही लागतो, आणि तो एकच असावा. चौघांनी चार वेळा फोन करण्यात काही हशील नाही. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून अंदमानात संपर्क सुधारला आहे, तरी बेटावर तो अधूनमधून रुसतो. म्हणून वेळ ठरवावी. संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर हॉटेलला विचारायचे, सातपर्यंत कळले नाही तर डायव्हिंग केंद्राला. ठरलेल्या वेळेआधी काळजी करायची नाही, हाही ठरावाचाच भाग. डॉक्टरांचे पत्र, औषधांची मूळ नावे व मात्रा, रक्तगट आणि विम्याचा तपशील एका कागदावर इंग्रजीत लिहून त्याची एक प्रत घरी आणि एक मार्गदर्शकाकडे असावी.

काही प्रसंगी मात्र घरच्यांनी ठामपणे ‘नको’ म्हणायला हवे. गेल्या काही महिन्यांत भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, नुकतीच सांगितलेली गोष्ट विसरणे, किंवा झटके. पाण्याखाली पाच सूचना क्रमाने आठवाव्या लागतात. स्मरणाची ही शंका सर्वांत अवघड असते, कारण ती त्या व्यक्तीला स्वतःला दिसत नाही आणि मुलांना बोलवत नाही. अशा वेळी एकट्याने जाण्याऐवजी कोणी सोबत जावे आणि काचेच्या नावेत दोघांनी बसावे.

शेवटची बुडी आणि परतीचे विमान यांत निदान १८ तासांचे अंतर हवे; अनेक दिवस बुड्या घेतल्या असतील तर पूर्ण एक दिवस ठेवलेला बरा. विमानाच्या उंचीवर दाब कमी होतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो. मराठी माणसाचा हा दिवस बहुधा सेल्युलर जेलमध्ये जातोच. सामानात शंख किंवा प्रवाळाचा मेलेला तुकडाही घेऊ नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर तपासणी होते.

परतल्यावर पहिले दोन दिवस घरच्यांनी थोडे लक्ष ठेवावे. खांदा किंवा गुडघा नव्याने दुखू लागला, हातपाय बधिर झाले, चालताना तोल गेला, लघवीला अडचण आली, तर मलम चोळून सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना सर्वांत आधी हे सांगावे की या व्यक्तीने तीन दिवसांपूर्वी समुद्रात बुडी घेतली होती, इतक्या खोल, इतका वेळ.